आजोबा, इथे खडी कुठे मिळेल?

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा नातू पुण्याहून आला. आला तो सायकलीसकट. नगरपर्यंत मित्राच्या गाडीतून आणि नगरहून बीडपर्यंत आपल्या नव्या रेल्वेने. ज्या रेल्वेची वाट बघत आमची अख्खी पिढी म्हातारी झाली, ती १७ सप्टेंबर २०२५ ला एकदाची बीडला पोचली, आणि तिच्यातून आमच्या घरी पहिली पाहुणी आली ती सायकल! असो.

चहा घेता घेता त्याने विचारलं, "आजोबा, इथे जवळपास ग्रॅव्हल कुठे मिळेल?"

मी मराठी माध्यमातला बी.ए. असलो तरी ग्रॅव्हल म्हणजे खडी एवढं मला कळतं. मी म्हटलं, "क्रशरवर मिळेल की. ब्रासच्या हिशेबाने देतात. पण तुला रे कशाला हवी? पुण्यात घर बांधतोयस का?"

तो इतका हसला की चहा सांडला. त्याला खडी विकत नको होती, खडीवर सायकल चालवायची होती. मुद्दाम. डांबरी रस्ता सोडून.

मग त्याने मला ती सायकल नीट दाखवली. शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड. हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे खडीवर दणके बसत नाहीत. चढासाठी हलके गिअर. डांबरी, मुरूम, माती, खडी सगळ्यावर चालते. या खेळाला आता जगभर मान मिळालाय म्हणे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी २००६ पासून कच्च्या रस्त्यांवरून २०० मैलांची शर्यत होते, आणि २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली. किंमत विचारली तेव्हा तो गप्प बसला, त्यावरून मी काय ते समजलो.

पण मला मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच्या टायरवर लिहिलं होतं ७०० गुणिले ४०. यातले ४० म्हणजे टायरची जाडी, मिलिमीटरमध्ये. मी त्याला मागच्या पडवीत नेलं. तिथे माझी जुनी काळी सायकल उभी आहे, १९७४ साली पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्त्याने घेतलेली. तिच्या टायरवर लिहिलंय २८ गुणिले दीड. इंचात. दीड इंच म्हणजे किती रे? त्याने हिशेब केला. अडतीस मिलिमीटर आणि वर थोडं. त्याने मोबाइलवर बघून सांगितलं की या मापाचं टायर आजच्या कोष्टकात चाळीसच धरतात. म्हणजे पोस्टमनची, दूधवाल्याची, मास्तराची सायकल पन्नास वर्षांपूर्वी जे टायर लावून माळावरून फिरत होती, तेच टायर आता परदेशातून नवं होऊन आलंय. आम्ही त्याला काही नाव दिलं नव्हतं, एवढाच फरक.

हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री झोप लागेना. 'खडी' हा शब्द डोक्यात घोळत राहिला. आमच्या भागात सत्तरीच्या पुढच्या माणसाला खडी म्हटलं की सायकल आठवत नाही, १९७२ आठवतं. दुष्काळी कामावर माझी आई खडी फोडायला जायची. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, दिवसभर हातोडी, आणि सुट्टी झाली की सुकडी. मी तेव्हा बीडला कॉलेजात होतो. आमच्या भागातले कितीतरी कच्चे रस्ते, नालाबांध, पाझर तलाव त्या कामांतून झाले. पुढे त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. म्हणजे ज्या कच्च्या रस्त्यावर पुण्याचा पोरगा हौसेने सायकल चालवायला आला, त्यातला एखादा कुणाच्या तरी आईने फोडलेल्या खडीचा असणार. मला त्याचा राग नाही आला, उलट बरं वाटलं. फुकट नाही गेलं ते काम.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच गेला. पालीहून मांजरसुंबा, तिथून कपिलधार. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन, धबधब्याचं उरलंसुरलं पाणी, मग लिंबागणेशाकडे माळावरच्या वाटांनी. दुपारी आला तो मुरमाने लाल झालेला आणि भलताच खूष. "आजोबा, तुमच्याकडे काय जबरदस्त रोलिंग आहे!" म्हणजे चढउतार. बालाघाटचा माळ म्हणजे एका पायरीवर दुसरी पायरी. वर गेलं की पवनचक्क्या, बरड, बोरी-बाभळी, सीताफळीची झुडपं. मध्येच ओढा, ओढ्यात खडक. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मला ते आठवतं ते शाळेच्या वाटेवर दगडावर फोडून खाल्लेलं. तीस वर्षं मी अशाच वाटांनी सायकलवर शाळेत गेलो. त्या वाटेला बघण्यासारखं काही आहे हे मला पाहुण्याने सांगावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर निघालो. गुडघे आता चार-पाच किलोमीटरच्या वर साथ देत नाहीत, तेव्हा मी त्याला जवळची वाट दाखवली. आमच्या पालीला बिंदुसरेचं धरण आहे, १९५० च्या दशकातलं. पाऊस चांगला झाला आणि चादरीवरून पाणी पडायला लागलं की सगळं बीड ते बघायला लोटतं. धरणाच्या कालव्याच्या काठाने मुरमाची वाट आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रान. हॉर्न नाही, ट्रक नाही. मध्येच एखादा खंड्या, दोन बगळे. पोरगा म्हणाला, "आजोबा, अशा वाटेसाठी लोक विमानाने जातात हो."

मी म्हटलं, "मग आता तुला याच्याहून जुना कालवा दाखवतो. पण तो दिसणार नाही."

बीडच्या दक्षिणेला सहा-एक किलोमीटरवर खजाना विहीर आहे. नातेवाइकांपैकी बहुतेकांनी ती पाहिलेली आहे, निदान तिच्यापाशी उभं राहून फोटो काढलेला आहे. हिजरी सन ९९१, म्हणजे इसवी सन १५८३ च्या सुमाराची. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. नगरजवळच्या डोंगरावर ज्याला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात, ती खरं तर याच सलाबतखानाची कबर. बांधणाऱ्या स्थापत्यकाराचं नाव राजा भास्कर. सगळा खजिना हिच्यात ओतला म्हणून खजाना, अशी कथा सांगतात.

विहीर म्हणतात, पण तिचं खरं काम नहरीचं. तळाशी बोगदे आहेत. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून बाहेर पडतं आणि जमिनीच्या पोटातून बीडच्या दिशेने रानांकडे जातं. मोट नाही, मोटार नाही, विजेचं बिल नाही. जमिनीचा उतार बघून कुणीतरी चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी हे मांडलं. इराणात ज्याला कनात म्हणतात ती ही विद्या. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी केली, बऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमाराला कुंडी भंडारा झाला, आमची खजाना त्यांच्याही आधीची. आणि तरी पाठ्यपुस्तकात मी तिच्यावर एक ओळसुद्धा कधी शिकवली नाही.

विहीर बघून झाल्यावर पोराने विचारलं, "पण आजोबा, बोगदा कुठून कुठे जातो? वरून कळतं का?"

मी जवळच्या रानातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. त्याने पूर्वेकडे हात केला. पुढे एकाला विचारलं, त्याने लिंबाच्या झाडाकडे बोट दाखवलं. तिसरा तरुण होता, तो म्हणाला, "कशाचा बोगदा, काका?"

मला त्या तिसऱ्या उत्तराने धस्स झालं. जमिनीवरचा कालवा बुजवला तर चार लोक बघतात, बोंब मारतात. जमिनीखालची नहर बुजली तर कुणाला कळणार? वरून वाटच राहिली नाही तर एक दिवस कुणी पाया खणेल, कुणी बोअर घेईल, आणि साडेचारशे वर्षांचं काम अर्ध्या दिवसात संपेल. त्या माणसाचा दोषही नसेल, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसेल. अशा नहरी टिकतात त्या वरून माणसं चालतात म्हणून. चालणारा थांबतो, वाकून बघतो, पोराला सांगतो.

म्हणून माझं मत सरळ सांगून टाकतो. आपल्या पाणंदी, गाडीवाटा, कालव्याकाठच्या मुरमाच्या वाटा या आपण सायकलीच्या आणि पायी चालण्याच्या वाटा म्हणून राखायला हव्यात. धरणापासून खजाना विहिरीपर्यंत आणि पुढे नहरीच्या अंगाने बीडच्या वेशीपर्यंत अशी एक सलग वाट असावी. ती डांबरी नको, सिमेंटची तर नकोच.

इथे आमचे शेजारी, बागाईतदार, मला अडवतात. परवा पारावर हे बोललो तर म्हणाले, "गुरुजी, तुमचं बरंय. पेन्शन घरपोच येते. आम्हाला चिखलातून ऊस काढावा लागतो. दोन ट्रॅक्टर लावून एक ट्रॉली वर ओढावी लागते. आन् तुम्ही म्हणता रस्ता कच्चा ठेवा? पुण्याच्या पोराच्या हौसेपायी?"

खरं आहे त्यांचं. काळ्या रानातला आषाढातला चिखल ज्याने पाहिला नाही त्याने कच्च्या रस्त्याचं कौतुक करू नये. बाळंतीण बाजेवर घालून नेलेली मी पाहिली आहे. जिथे वस्ती आहे, जिथे उसाची गाडी निघते, तिथे पक्का रस्ता झालाच पाहिजे. पण पक्का याचा अर्थ दर वेळी सिमेंट होत नाही. दोन्ही बाजूंना चर, मध्ये उंचवटा, खाली खडी, वर मुरूम आणि दरवर्षी थोडी डागडुजी, एवढं केलं तर वाट पावसाळ्यात टिकते. आपल्या शासनाची २०२१ ची शेतपाणंद रस्त्यांची योजना तेच म्हणते. रोजगार हमीतून माणसांना काम, शेताला वाट. मी काही जगावेगळं मागत नाही. मागतो ते एवढंच की कालव्याच्या आणि नहरीच्या काठची जी एकच वाट डंपरला लागत नाही, ती डंपरसाठी रुंद करू नका.

दुसरी शंका माझी मलाच येते. लोक आले की प्लॅस्टिक येतं, बाटल्या येतात, गाणी वाजतात. धरणावर आपण ते पाहतोच. पण मला वाटतं घाण करणारा बहुधा गाडीने येतो आणि गाडी जाईल तिथपर्यंतच जातो. दहा किलोमीटर पायडल मारून आलेला माणूस दमलेला असतो. तो सावली बघतो आणि पाणी मागतो.

तिसरी गोष्ट. "हे सगळं परदेशात ठीक आहे," असं म्हणतात. मग परदेशातल्याच दोन गोष्टी सांगतो. इटलीत टस्कनी भागात पांढऱ्या मुरमाचे जुने रस्ते आहेत. ते एकेक करून डांबरी व्हायला लागले तेव्हा १९९७ मध्ये गायोले नावाच्या लहानशा गावात जान्कार्लो ब्रोची या गृहस्थाने जुन्या सायकलींची एक फेरी काढली, लेरोइका नावाची. हेतू हाच की या रस्त्यांना काही किंमत आहे हे लोकांना दिसावं. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आता त्या फेरीला जगभरातून हजारो येतात, आणि अट अशी की सायकल १९८७ च्या आधीची हवी. म्हणजे माझी पडवीतली चालेल!

दुसरी गोष्ट अमेरिकेची. वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैलांचा एक जुना कालवा आहे. काठावरून खेचरं चालायची आणि नावा ओढायची. १९२४ मध्ये तो बंद पडला. पुढे त्याच्या काठाने मोटारींचा रस्ता करायचं ठरत होतं आणि तिथल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने त्या रस्त्याच्या बाजूने अग्रलेख लिहिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिलं की तुम्ही माझ्याबरोबर हा सगळा काठ पायी चाला आणि मग बोला. मार्च १९५४ मध्ये ते खरंच चालले. बरोबर बरेच होते, शेवटपर्यंत पोचले नऊ. पण संपादकांचं मत बदललं. १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला, आणि आज त्याच खेचरांच्या वाटेवर सायकली चालतात. न्यायमूर्तींनी त्या कामी निकालपत्र लिहिलं नाही, बूट घातले. मला ही गोष्ट फार आवडली. शिक्षकाला शोभणारी आहे.

पण खरं सांगायचं तर टस्कनी आणि वॉशिंग्टन राहू द्या. मी हे सगळं लिहायला बसलो ते आमच्या शेजारच्या एका नातीमुळे. नववीत आहे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेला जायला सायकल मिळते. शाळा पाच किलोमीटरच्या आत असली की सायकल, लांब असली तर बस. हिलाही सायकल मिळाली. पहिले पंधरा दिवस घंटी वाजवत गल्लीत फिरली. मग ती सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. आता कॅरिअरवर रात्री कोंबड्या बसतात.

मी विचारलं, "कामून गं, सायकल कामून नेत नाहीस?"

"हायवेवरून आई जाऊ देत नाही, गुरुजी."

आईचं काय चुकलं? चौपदरी रस्ता झाला, सोलापूर-धुळे वाहतूक भरधाव जाते. मला स्वतःला त्या रस्त्याच्या कडेने सायकल न्यायची भीती वाटते. पूर्वी तिची आत्या याच गावातून सायकलने शाळेत जायची, रानातल्या गाडीवाटेने. ती वाट गाव नकाशावर आजही असेल. गाडीवाट दुहेरी तुटक रेषांनी दाखवतात, पायवाट एकेरी. जमिनीवर मात्र तिचा निम्मा भाग बांधात गेलाय, निम्म्यावर बाभळी माजल्या आहेत. आपण मुलीला सायकल दिली आणि सायकलीची वाट काढून घेतली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुण्याच्या पोराला जी वाट हवी आहे, नेमकी तीच या पोरीला हवी आहे. हायवेपासून आत, मुरमाची, सावलीची, ट्रक नसलेली. एकाची सायकल लाखाच्या घरातली, दुसरीची फुकटची. टायरखालची वाट एकच. हौशी लोकांसाठी वाट मागितली तर कुणी उभं करणार नाही, आणि नुसत्या पोरींसाठी मागितली तर मान डोलावून विसरतील, हेही मला अनुभवाने माहीत आहे. दोघांची मागणी एकत्र केली तर कदाचित जमेल. आणि तिसरा फायदा नहरीचा. तिला बोलता येत नाही, तेव्हा तिच्या वतीने ही दोघं जातील.

काय करायचं, तर फार मोठं नाही. ग्रामसभेत गाव नकाशा भिंतीवर लावायचा आणि पाणंदी मोजून घ्यायच्या. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायचं शासनाने २०२५ मध्ये ठरवलंय, ती करून घ्यायची. वाट अडली असेल तर तहसीलदाराकडे कायद्याने दाद आहे, पण त्याआधी शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून बोलायचं, कारण भावकीतली वाट हुकमाने उघडते आणि रागाने पुन्हा बंद होते. कालव्याच्या काठावर पाटबंधारे खात्याला विचारून दोन्ही टोकांना खांब रोवायचे, सायकल जाईल आणि डंपर अडेल एवढ्या अंतरावर. कडेला कडुलिंब, करंज. आणि नहर जिथून जाते तिथे जाणत्यांकडून नक्की करून घेऊन शंभर-शंभर पावलांवर चुना लावलेला एकेक दगड. त्यावर काही लिहायचीही गरज नाही. पोरं विचारतील हा दगड कशाचा, आणि कुणीतरी सांगेल.

नातू परत गेला. जाताना म्हणाला, पुढच्या दिवाळीला मित्रांना घेऊन येतो. मी म्हटलं ये, पण येताना प्रत्येकाने एक जास्तीची ट्यूब आणि पंक्चरचं सामान आण, इथे द्यायला लागेल. आमच्याकडे बाभळीचे काटे आहेत, टस्कनीत नसतील.

मी मात्र दिवाळीची वाट बघणार नाही. काल माझ्या सायकलीला तेल घातलं, मागचं टायर बदललं. २८ गुणिले दीड आता बीडमध्येही शोधावं लागतं. शेजारच्या पोरीची सायकल कोंबड्यांखालून काढून धुतली, तिच्या आईशी बोललो. येत्या रविवारी मी, ती आणि तिच्या वर्गातल्या आणखी दोघी जुन्या गाडीवाटेने शाळेपर्यंत जाऊन बघणार आहोत. जिथे बाभळी आडव्या येतील तिथे उतरायचं, हातात सायकल धरायची. कोयता मी बरोबर घेतोय. आई पण येते म्हणाली, पायी.